मिनी पोकलेनचा बूम आणि स्विंग पोस्ट: कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधल्या नोंदी

२६ मार्च २०२५

दुपारी मशीन आली. साडेतीन टनी मिनी पोकलेन, रबर ट्रॅकची. गगनबावड्याच्या बाजूला पाइपलाइनच्या चरी मारते. बूमच्या (मशीनच्या मुळाकडच्या मोठ्या हाताच्या) पोटाला आडवा तडा गेलाय, बूम सिलिंडरचे कान (पिन घालायच्या भोकाच्या जाड प्लेटा) जिथे संपतात त्याच्या चार बोटं पुढे. तिथे आधीच दोन पट्ट्या आहेत, एकीवर एक. पहिलीच्या कडेला तुटलं म्हणून दुसरी मारली, आणि आता दुसरीच्या पुढच्या कडेला तुटलंय.

मालक शेतकरी घरातले. मशीनचे हप्ते चालू आहेत आणि पावसाच्या आधी चरीचं काम संपवायचंय. त्यांचं मागणं सरळ होतं. "बारा एमएमची पट्टी मारा, चारी बाजूनं फुल वेल्डिंग करा. परवा घेऊन जातो." मी होकार दिला नाही. टेम्पोवरून उतरवताना बूम उचलला, तेव्हा मुळाशी 'ठक' असा आवाज आला आणि बकेट डावीकडे कलली. तडाही डावीकडूनच सुरू झालाय. या दोन गोष्टींचा संबंध लागल्याशिवाय वेल्डिंगला हात लावायचा नाही, असं त्यांना सांगितलं.

ऑपरेटर पोरगा म्हणाला, "दादा, आवाज तर मी मशीनवर बसायला लागल्यापासनं येतोय." म्हणजे तडा नंतरचा, आवाज आधीचा.

२७ मार्च

सकाळी धुतली. डिझेल आणि ब्रशने सांध्यांवरचं ग्रीस उतरवलं, तड्याच्या दोन्ही बाजूंचा वीतभर रंग काढला. रंग काढायला वायर ब्रशच वापरला. ग्राइंडरचा दगड फिरवला की धातू तड्याच्या तोंडावर पसरतो, बारीक चीर झाकली जाते आणि पुढची तपासणी फुकट जाते.

ऊन चढायच्या आत शेडखाली डाय पेनिट्रंट केलं, म्हणजे चीर दाखवणारी रंगाची तपासणी. लाल द्रव लावला, पंधरा मिनिटं थांबलो, क्लीनरने ओलसर केलेल्या फडक्याने पुसून घेतलं आणि पांढरा डेव्हलपर मारला. क्लीनर थेट फवारायचा मोह बऱ्याच जणांना होतो. पण तसं केलं तर चिरेत शिरलेला लाल रंगही धुऊन जातो आणि निरोगी म्हणून पास झालेली मशीन चरीत जाते.

पोटाच्या प्लेटवरचा तडा १४० मिमी निघाला. तो डाव्या बाजूच्या प्लेटवर ३५ मिमी वर चढलाय. पट्टीच्या उजव्या पुढच्या कोपऱ्यातून १२ मिमीची नवी चीर निघालीय, ती रंगाखाली कुणालाच दिसली नव्हती. समोरच्या डोझर ब्लेडच्या आर्मला एक छोटा तडा आहे, तो किरकोळ. बकेटचे कान ठीक.

आणि एक रेष स्विंग पोस्टवर, म्हणजे बूमला धरून डावी-उजवीकडे फिरवणाऱ्या ओतीव खांबावर. बूमची मुळातली पिन जिथे बसते तो डावा कान, त्याच्या खालच्या गोलाईत ४० मिमी लांब. ग्रीस आणि जांभ्याच्या लाल मातीचा थर बसला होता, त्याखाली. बूमचा तडा सगळ्यांना दिसत होता म्हणून सगळे त्याच्या मागे लागले. पण बूमची प्लेट तुटताना आधी वाकते, मशीन बंद करायला वेळ देते. पोस्टचा कान ओतीव आहे आणि एका बाजूचा कान सुटला तर बूम आडवा जातो. चरीत पाइप जोडणारी माणसं त्याच्या कडेलाच वाकलेली असतात. मालकांना बोलावून ती लाल रेष बोटाने दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "किती दिवस लागतील तेवढे घ्या."

२९ मार्च

बूमखाली घोडे लावले, सगळं प्रेशर सोडलं आणि मुळातली पिन काढायला घेतली. दिवस तिच्यातच गेला.

पिन अडवणाऱ्या बोल्टचं डोकं जागेवर होतं, रंगवलेलंही होतं, पण बोल्ट आतून कातरलेला. वरून बघणाऱ्याला सगळं ठीक. जॅक लावून पिन ढकलली तर ती एकटी आली नाही, बूममधला डावा बुश (पिनभोवतीची कडक नळी) सोबत घेऊन आली. दोघं एकमेकांना चिकटून एकच झाले होते. पिनचा पृष्ठभाग निळसर काळा, त्यावर लांबट ओरखडे. पिन मूळची ४५ मिमीची. पोस्टच्या डाव्या कानाचं भोक एका बाजूने ४७.८ भरलं आणि काटकोनात ४६.१. उजवा कान ४५.६.

आता साखळी लागली. डाव्या बुशाचं ग्रीस निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, हायड्रॉलिक होजांच्या मागे आहे, ग्रीसची गन तिरकी धरावी लागते. निप्पल काढून भोकात तार घातली. आतून ग्रीस आलं नाही, दगडासारखा कडक झालेला तपकिरी गोळा आला, जांभ्याची धूळ मुरलेला. गन मारली की ग्रीस निप्पलच्या भोवतीच बाहेर यायचं आणि पोराला वाटायचं, सांधा भरला. बुश कोरडा पडला. कोरड्या बुशाने पिनला धरून ठेवलं आणि बूमबरोबर पिनही फिरायला लागली. तिला अडवणारा बोल्ट कातरला गेला. मग पिन पोस्टच्या कानात फिरू लागली. तिथे ना बुश, ना ग्रीसची वाट. भोक लांबट होत गेलं, बूम डावीकडे कलला, आणि दोन्ही बाजूंनी मिळून घ्यायचा भार ठोके खात एकाच बाजूने जाऊ लागला. बूमच्या पोटाला डावीकडून तडा का गेला याचं उत्तर बूममध्ये नव्हतंच.

आमचे वेल्डर मामा पिन हातात घेऊन म्हणाले, "आमचा बा आसाला वंगण घातल्याबिगर बैलगाडी जुंपत नव्हता. ह्यो तर साडेतीन टनाचा गाडा हाय."

उद्या पाडवा. वर्कशॉप बंद.

१ एप्रिल

पोस्ट उतरवली. ती कशाची ओतलीय हे कळल्याशिवाय रॉड ठरवता येत नाही. स्टील कास्टिंग असेल तर वेल्डिंग होतं. एसजी आयर्न (बिडाचाच एक प्रकार) असेल तर निकेलच्या रॉडने सांधता येतं, पण माणसांच्या डोक्यावर झुलणारा भार त्या सांध्यावर मी सोडणार नाही, नवी पोस्टच मागवायला लावीन. ग्राइंडरच्या ठिणगीवरून मामांनी स्टील सांगितलं होतं. तरी पोस्टच्या बिनकामाच्या कडेचा रुपयाएवढा तुकडा कापून शिरोलीच्या एका ओळखीच्या फाउंड्रीत स्पेक्ट्रोला, म्हणजे धातूत काय किती आहे ते मोजायला दिला. कोल्हापुरात काम करण्याचं हे सुख आहे. ओतकामाचं गाव असल्याने धातूची पत्रिका तासाभरात हातात पडते.

कार्बन ०.२३, मँगनीज १.१५, थोडं क्रोमियम. मँगनीजचा सहावा भाग, क्रोमियम आणि मॉलिब्डेनमचा पाचवा, निकेल आणि तांब्याचा पंधरावा, असं कार्बनमध्ये मिळवत गेलं की कार्बन इक्विव्हॅलंट येतो, वेल्डिंगने धातू चिरायचा धोका किती ते सांगणारा आकडा. आमचा आला ०.४७. वेल्डिंग होईल, पण एवढ्या जाड ओतीव कानाला गरम केल्याशिवाय हात लावायचा नाही.

दुपारी बूमवरच्या दोन्ही पट्ट्या गाउजिंगने, म्हणजे आर्कने धातू वितळवून कोरत काढल्या. खालची मूळ प्लेट ८ मिमीची. तडा उघडून आतला पृष्ठभाग बघितला. अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत, गंजलेला, त्यात एकाआत एक कमानी. प्रत्येक कमान म्हणजे तडा पुढे सरकून थांबला ती जागा. उरलेला भाग करडा आणि खरबरीत, तो शेवटच्या झटक्यात तुटलेला. कमानींचं मूळ शोधत गेलो तर बरोबर पट्टीच्या आडव्या वेल्डिंगच्या पायथ्याशी पोचलो, जिथे प्लेटला बारीक खाच पडली होती.

म्हणजे पट्टी मारणाऱ्याचं वेल्डिंग कच्चं होतं असंही नाही. रन (वेल्डिंगचा एकेक थर) भरलेली होती, स्लॅग (वेल्डिंगची मळी) कुठे अडकला नव्हता. पट्टीची कल्पनाच चुकीची. खोदताना माती बूमच्या टोकाला वर रेटते, तेव्हा बूमचं पोट ताणलं जातं. चिखलात रुतलेली मशीन बकेट टेकवून उचलली की आणखीच. भार उचलला की उलट, पाठ ताणली जाते. दिवसभर हे चालू. अशा ताणाच्या आडवी वेल्डिंगची रेष घातली, आणि तीही जिथे जाडी एकदम अठरावरून आठवर उतरते तिथे, तर प्लेट तिथेच फाटणार. पट्टी बारा एमएमची केली की जाडीची पायरी आणखी मोठी होते आणि तडा पट्टीपुढे सरकतो. भारी ग्रेडचं स्टील वापरूनही फार फरक पडत नाही. सारखा मागेपुढे ताण बसला की वेल्डिंगचा पायथा साध्या आणि भारी स्टीलमध्ये जवळपास सारखाच थकतो. आकार बदलला तर फरक पडतो.

३ एप्रिल

वेल्डिंगची तयारी. ठरवलं ते असं. पट्ट्यांखालची दोनदा भाजलेली प्लेट ठेवायची नाही. सिलिंडरचे कान धरून तेवढा भाग कापून काढायचा आणि आयएस २०६२ ई३५० या बांधकामी स्टीलची ८ मिमीच नवी प्लेट बसवायची. वरून काही चिकटवायचं नाही. दोन्ही आडवे जोड कानांच्या टोकांपासून लांब, जिथे ताण कमी तिथे. कान नवे करायचे, टोकाला एकदम न संपता लांबट निमुळते होत प्लेटमध्ये विरतील असे.

तड्याच्या बाजूच्या प्लेटवर चढलेल्या टोकाला ६ मिमीचं भोक मारलं, दिसणाऱ्या टोकाच्या थोडं पुढे. गाउजिंगच्या उष्णतेने तडा पळायला बघतो, भोक त्याला अडवतं. नुसतं भोक मारून मशीन कामाला लावणारेही पाहिलेत. थोडे दिवस निभतं, मग भोकाच्या पलीकडून तडा निघतो. तडा पूर्ण कोरून काढला, पुन्हा पेनिट्रंट मारलं, लाल रेष नाही हे बघितल्यावरच घळ साफ केली.

५ एप्रिल

७०१८ चे (कमी हायड्रोजनवाले) वेल्डिंग रॉड सकाळी ओव्हनमध्ये ३५० अंशांवर दोन तास भाजले आणि तिथून पोर्टेबल ओव्हनमध्ये. काल संध्याकाळी वळवाचा शिडकावा झाला, हवा दमट. याच हवेत रॉड उघडे राहिले की वरचा फ्लक्सचा लेप ओलावा ओढतो, ओलाव्यातला हायड्रोजन वेल्डिंगमध्ये जातो आणि वेल्डिंग डोळ्यांना सुंदर दिसत असतानाच आतून चिरत जातं. ६०१३ हा साधा रॉड हाताला सोपा म्हणून बाहेर सर्रास त्यानेच बूम जोडतात. गेट-ग्रिलसाठी तो उत्तम रॉड. बूमला तो लावायचा नाही.

बूम समतल बांधला. मुळातल्या बोअरमधून एक सरळ शाफ्ट, सिलिंडरच्या दोन्ही कानांतून दुसरा, आणि दोघांमधलं अंतर दोन्ही बाजूंना सारखं. इथे दोन मिलिमीटर चुकलं तर सिलिंडर तिरका चालेल, सील खाईल आणि नव्या कानांवर पुन्हा एकतर्फी भार येईल. माप तिघांनी वेगवेगळं घेतलं.

प्लेट गॅसने कोमट केली, शंभर अंशांच्या आसपास, आठ मिमीला ओलावा उडवण्यापुरतं. आडव्या जोडांना आतून बॅकिंग पट्टी, ३ मिमी गॅप, तोंड साठ अंशांचं. रूट (तळाची पहिली रन) २.५ च्या रॉडने, वरच्या रन ३.१५ ने, ११० अँपियरच्या आगेमागे. आर्क आखूड, रन सरळ. रुंद झुलवत भरलेली रन दिसायला भरीव, पण उष्णता जास्त आणि प्लेट ओढली जाते. एक रन डावीकडे, एक उजवीकडे, असं आलटून पालटून. मामा वेल्डिंग करताना बोलत नाहीत. शेजारच्या पोराने फक्त ओव्हनचं झाकण उघडायचं आणि एकेक रॉड द्यायचा.

संध्याकाळी ओढ तपासली. दोन्ही शाफ्ट समांतर राहिलेत.

८ एप्रिल

दोन दिवस बूमला हात लावला नाही, मुद्दाम. हायड्रोजनचे तडे वेल्डिंग थंड झाल्यावर अठ्ठेचाळीस तासांपर्यंतही उघडतात. त्याच दिवशी तपासून पास केलेल्या सांध्याला अर्थ नाही. आज सकाळी पेनिट्रंट मारलं, सगळं पांढरं.

मग दिवसभर ग्राइंडिंग. आडव्या जोडांचा वर आलेला भाग प्लेटच्या पातळीला आणला, कानांच्या निमुळत्या टोकांभोवती वेल्डिंगचा पायथा गोलाईत घासला. घासल्याचे ओरखडे बूमच्या लांबीच्या दिशेनेच राहिले पाहिजेत. आडवा ओरखडा ही तड्याची पुढची सुरुवात. शेवटचा हात बारीक फ्लॅप डिस्कचा. या कामाला कुणी वेगळे पैसे देत नाही. पण सांधा वर्षभर टिकणार की पाच वर्षं, ते याच तासांवर ठरतं.

९ एप्रिल

पोस्ट. तडा कोरून काढला, तो दिसत होता त्यापेक्षा खोल निघाला, कानाच्या जाडीच्या निम्म्यापर्यंत. एलपीजी बर्नरने पूर्ण पोस्ट हळूहळू १८० अंशांवर आणली. नुसता कान तापवला असता तर थंड भाग त्याला ओढून पुन्हा चिरला असता. टेम्परेचर गन चकचकीत धातूवर चुकीचा आकडा देते म्हणून टेम्परेचर चॉकनेही (ठरलेल्या तापमानाला वितळणाऱ्या खडूने) पडताळलं. प्रत्येक रनआधी मोजायचं, १५० च्या खाली गेलं की वेल्डिंग बंद, बर्नर चालू.

मधल्या रनवर छोट्या हातोडीने हलके ठोके दिले, आकसण्याचा ताण सैल व्हायला. पहिली आणि शेवटची रन ठोकायची नाही. त्याच उष्णतेत दोन्ही कानांची झिजलेली भोकंही भरून घेतली. शेवटी सिरॅमिक ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवली. सकाळपर्यंत कुणी ब्लँकेट उचलायचं नाही, अशी सगळ्यांना ताकीद.

१५ एप्रिल

पोस्टला पेनिट्रंट मारलं, स्वच्छ. शनिवारी जोतिबाची चैत्र यात्रा होती, पिनांची भोकं कातून देणारे बोरिंगवाले काका सासनकाठीबरोबर डोंगरावर. आज आले ते अजून कानशिलावर गुलाल.

बोरिंग सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण वेल्डिंगने भोकं हलतात. आधी बोअर करून नंतर वेल्डिंग केलं तर बोअर गेलं. लाईन बोरिंगचा बार दोन्ही कानांतून एकाच सेटिंगमध्ये गेला. भोकं ४५ ला न थांबवता ५५ पर्यंत मोठी केली आणि त्यात स्लीव्ह दाबून बसवल्या, आत ४५. कानाभोवती तेवढं मटेरियल आहे हे आधी मोजलं होतं. पुन्हा कधी झीज झाली तर स्लीव्ह बदलायची, कानाला वेल्डिंग लागणार नाही.

पिन ईएन १९ या मिश्र स्टीलची, इंडक्शनने वरचा थर कडक केलेली. बुशही केस हार्ड, म्हणजे वरून कडक, आत ग्रीसचे चर. पिन-बुशमध्ये ०.१५ ची फट. अडवणारा बोल्ट नवा, आणि त्याचं डोकं रंगवायचं नाही असं सांगून ठेवलंय.

ग्रीस निप्पलची जागा बदलली. होजांच्या मागून एक छोटी नळी काढून निप्पल पोस्टच्या बाहेरच्या बाजूला आणलं, उभ्या उभ्या गन लागेल असं. या सगळ्या कामातली सर्वात स्वस्त वस्तू ही, आणि मला सर्वात महत्त्वाची वाटते.

१८ एप्रिल

जोडणी झाली. ब्लेडच्या आर्मचा तडा मशीनवरच वेल्ड केला. आधी बॅटरीची केबल काढली, कंट्रोलरचा प्लग काढला, आणि अर्थिंगचा चिमटा आर्मवरच, वेल्डिंगपासून वीतभर अंतरावर. चिमटा बूमला लावला तर करंट स्विंग बेअरिंग आणि पिनांमधून वाट काढतो, गोळ्यांवर ठिणगीचे डाग पडतात आणि काही महिन्यांनी बेअरिंग आवाज करायला लागतं.

ट्रायलला बूम वरखाली केला, झटक्याने थांबवला. ठक आवाज नाही. बकेट सरळ. ऑपरेटरने तिसऱ्या वेळेस इंजिन बंद करून नुसतं ऐकलं.

त्याच्याशी अर्धा तास बोललो. चर बुजवताना बकेट आडवी फिरवून मातीचा ढीग ढकलायचा नाही, त्याला ब्लेड आहे. जांभ्यात ब्रेकर (दगड फोडायचा हातोडा) लावला की सिलिंडर पूर्ण बाहेर किंवा पूर्ण आत असताना ठोकायचं नाही, ब्रेकरने दगड उचकटायचा नाही. ग्रीस मारताना जुनं ग्रीस बुशाच्या कडेने बाहेर येताना दिसलं पाहिजे. निप्पलभोवती आलं तर वाट बंद आहे, तिथेच थांबून फोन करायचा. त्याने विचारलं, "रोज मारायचं का दादा?" चरीचं काम चालू आहे तोवर रोज, सकाळी मशीन चालू करण्याआधी.

मालक हिशेब देऊन गेले. पट्टीच्या कितीतरी पट खर्च आला, ते त्यांनी दोनदा मोजलं आणि काही बोलले नाहीत.

२४ मे

पावसाने यंदा मेमध्येच गाठलं, चरीत पाणी, काम थांबलंय. त्या सवडीत मशीन बघायला गगनबावड्याच्या बाजूला गेलो. बूमचं पोट धुऊन घेतलं, जोडांवर आणि कानांच्या टोकांवर पेनिट्रंट मारलं. काही नाही. पोस्टचा डावा कान स्वच्छ. पिनच्या दोन्ही बाजूंनी ताजं ग्रीस बाहेर आलेलं.

बकेटच्या उजव्या कानाच्या पिनला मात्र थोडी ढिलाई जाणवली, हाताने हलवल्यावर. तडा नाही. पुढच्या आठवड्यात बकेट एकटी टेम्पोतून पाठवायला सांगितलंय, बुश बदलून देतो.

मालकांच्या पुतण्याने त्याच्या ट्रॅक्टरच्या लोडरलाही अशीच पट्टी मारलीय. ती बघायला सोमवारी जायचंय.